नऊ गुंठ्यांचा एक ठिपका : उपग्रहाने पाहिलेलं उरण

आजचा भाग ऐकता ऐकता हातातल्या फोनवर एक काम करा. गूगल अर्थ उघडा, त्यात टाइमलॅप्स शोधा आणि नकाशा ओढत ओढत उरणवर आणा. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, बेटासारखा दिसणारा जो तुकडा आहे ना, तोच. आता खालची पट्टी अगदी डावीकडे न्या. साल दिसेल १९८४. आणि मग चालू करा.

काय दिसतं? सुरुवातीला सगळं राखाडी, तपकिरी, मधून हिरवं. खाडीच्या नसा फांद्यांसारख्या पसरलेल्या. मग न्हावा-शेव्याच्या बाजूला एक सरळ रेघ उमटते. निसर्ग सरळ रेघ काढत नाही, त्यामुळे ती लगेच डोळ्यात भरते. ती जेएनपीटी. मग रस्ते, मग कंटेनर ठेवायची आवारं, मग उलव्याचे चौकोन, मग डोंगर गायब होऊन तिथे धावपट्टी. जवळजवळ चाळीस वर्षं, आणि बघायला लागतात काही सेकंद.

मी हे पहिल्यांदा माझ्या आजीला दाखवलं तेव्हा ती चष्मा सावरत बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आपला खार व्हता तो कुठं हाय यात?" मी झूम केलं. अजून झूम केलं. चित्र फुटलं, नुसते चौकोन दिसायला लागले. आजीने फोन परत दिला.

त्या फुटलेल्या चौकोनांपासूनच आज सुरुवात करू. आपला पट्टा शेतातून शहर होताना कोणी पाहिला, कशाने मोजला आणि त्या मोजणीत काय सुटलं, ही आजची गोष्ट. थोडी अलिबागला जाईल, थोडी चीनमध्येही जाईल, पण परत इथेच येईल.

आधी दोन तारखा. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. आणि २३ जुलै १९७२ ला अमेरिकेने लँडसॅट १ हा उपग्रह सोडला, जमिनीची चित्रं सातत्याने घेत राहण्यासाठीचा पहिला. म्हणजे नवी मुंबई नावाचं शहर आणि जमिनीकडे टक लावून बघणारा हा डोळा, दोघांच्या वयात दोन-अडीच वर्षांचाच फरक. जगातली बहुतेक शहरं या डोळ्याआधीच वाढून बसली होती. मुंबईचा बालपणीचा फोटो उपग्रहाकडे नाही. नवी मुंबईचा आहे.

नवी मुंबईची कल्पना त्याच्याही आधीची. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाने मुंबईच्या नियोजनावर अंक काढला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी त्यात मांडलं की मुंबई उत्तरेकडे नुसती लांबत चाललीय, तिला खाडीपलीकडे पूर्वेला जुळं शहर द्या. कल्पना हुशारीची होती, हे मी आजही म्हणेन. पुढे सरकारने ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली मिळून ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा या शहरासाठी ठरवली. (कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये.) २० लाख लोकांची सोय करायची असा आराखडा होता.

आता हे ३४४ चौरस किलोमीटर नियोजनाच्या कागदावर कसे दिसत असतील? सपाट. मुंबईला लागून. फारशी झाडं नाहीत, मोठ्या इमारती नाहीत. थोडक्यात, "मोकळी जागा". ज्यांनी उरण-पनवेलची खार पाहिलीय त्यांना माहीत आहे की ती किती मोकळी होती ते. समुद्राचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षं माती धुऊन तिचा खारेपणा कमी करायचा, मग त्यात भात घ्यायचं. बांधाला एक दार ठेवायचं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार लावलं की समुद्र आत येत नाही. ज्या भागात भात नाही तिथे मिठागरं. आगर पिकवणारे ते आगरी, असं आमच्याकडे सांगतात. ही सगळी माणसाच्या हाताने घडवलेली जमीन आहे. अलिबाग-पेणकडे तर अशा जमिनीच्या वहिवाटीला वेगळं नावच होतं, शिलोत्री. इंग्रजांनी १८८३ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं त्यात या शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. कोणी बांध घातला, कोणाला किती धारा, सगळं ठरलेलं. इतकी जुनी कारागिरी. पण वरून बघितलं तर सपाट आणि रिकामी.

बरं, वरून म्हणजे किती वरून? लँडसॅट १ ची नजर साधारण ८० मीटरची होती. म्हणजे ८० मीटर लांब, ८० मीटर रुंद जमिनीचा एक ठिपका. त्या ठिपक्याच्या आत काय काय आहे ते वेगळं दिसत नाही, सगळ्याचा मिळून एक रंग. याला पिक्सेल म्हणतात हे तुम्हाला कॅमेऱ्यामुळे माहीत आहेच. मी त्याचं आपल्या भाषेत रूपांतर केलं. ८० गुणिले ८० म्हणजे ६४०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. झाले ६३ गुंठे. दीड एकरापेक्षा थोडं जास्त.

आमची खार दीड एकर होती. आजे-पणजे, बांध, उघाडी, भात, खेकडे, सगळं मिळून लँडसॅट १ साठी एक ठिपका. तोही पूर्ण नाही.

पुढे १९८० च्या दशकात नजर सुधारली. ३० मीटर झाली. एक ठिपका ९०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. आणि २०१५ मध्ये युरोपने सेंटिनेल-२ सोडला, त्याचा ठिपका १० मीटर गुणिले १० मीटर. म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा! पॅरिसमध्ये बसून कोणी आपल्या तलाठ्याला विचारून ठरवलं असेल असं वाटावं.

हे आकडे लक्षात ठेवा, परत लागणार आहेत. त्याआधी जरा मागे जाऊ, कारण मुंबई वाढली म्हणून मोजणी बिघडली, असा आपल्या किनाऱ्यावरचा एक किस्सा याहून खूप जुना आहे.

मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली. १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेतली जायची. होकायंत्राची सुई किती आणि कशी हलते, याची अतिशय नाजूक मोजणी. मग विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह जिथे, तिथे चुंबकत्व आलंच. ट्राम धावली की सुई थरथरणार. शहराला ट्राम पाहिजे होती, तेव्हा सुईलाच घर बदलावं लागलं. वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. बांधकामात लोखंड नको म्हणून पोरबंदरचा दगड आणला. (गंमत बघा, कुलाब्याहून निघालेली वेधशाळा आली ती कुलाबा जिल्ह्याच्या मुख्य गावी, कुलाबा किल्ल्यासमोर. नावाने पाठ सोडली नाही.)

मूस यांनी यात एक गोष्ट केली, आणि माझ्या मते आजच्या भागातली तीच सगळ्यात मोलाची आहे. त्यांनी जुनी वेधशाळा बंद करून मग नवी सुरू केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? कारण अलिबागची सुई आणि मुंबईची सुई थोडी वेगळी दाखवणारच. तो फरक किती हे कळलं तरच साठ वर्षांच्या जुन्या नोंदी पुढच्या नोंदींना जोडता येतात. नाहीतर मागचं सगळं वाया. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर जोड पक्की झाली होती. म्हणून आज आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून सलग चालत आलेली मालिका आहे.

बदल येण्याआधी 'आधीचं' मोजून ठेवायचं, एवढंच ते काम. ट्रामसाठी हे केलं गेलं. आता बघू, ९५ गावांसाठी काय झालं.

जमीन संपादनाची गोष्ट इथल्या घराघरात आहे, मी नव्याने काय सांगणार. भावावरून, मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मेले. दरवर्षी जानेवारीत त्यांना अभिवादन होतं. तुमच्यातले काही जण शाळेच्या रांगेतून तिथे गेले असतील.

त्यानंतर बरोबर ४४ दिवसांनी, १ मार्च १९८४ ला, लँडसॅट ५ आकाशात गेला. तीन वर्षं चालेल अशा हिशोबाने बनवलेला हा उपग्रह २०१३ पर्यंत चित्रं देत राहिला. सुरुवातीला तुम्ही जो टाइमलॅप्स बघितलात ना, तो १९८४ ला सुरू होतो आणि त्याच्या पहिल्या बऱ्याच वर्षांची चित्रं याच उपग्रहाची आहेत. म्हणजे फोनमध्ये आपल्या भागाचा इतिहास जिथे सुरू होतो, तिथे गावातल्या लोकांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी घटना घडून गेलेली असते. पहिल्या चित्रातली खार शांत दिसते. त्या शांततेचं मला फार दिवस काहीतरी वाटत राहिलं.

त्या आंदोलनाचा परिणाम म्हणून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. १९९० मध्ये त्याचा निर्णय झाला. ज्याची जमीन घेतली त्याला तिच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड परत. हा देशातल्या पहिल्या काही अशा तोडग्यांपैकी मानला जातो, आणि तो रक्त सांडून मिळालाय, म्हणून त्याला हलकं समजायचं कारण नाही. पण हिशोब करून बघू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी कपात होते, हातात प्रत्यक्ष राहतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे.

आणि लँडसॅट ५ चा एक ठिपका किती गुंठ्यांचा होता? नऊ.

आमच्या दीड एकराचे सव्वापाच गुंठे झाले. भूखंड मिळाला, घर झालं, मी त्याच घरात बसून हे रेकॉर्ड करतोय. पण चित्रात बघा. खार होती तेव्हा ती सात ठिपक्यांत बसत होती, धूसर का होईना, दिसत होती. आता आमच्या घराच्या वाट्याला एक ठिपकासुद्धा पूर्ण येत नाही. आजीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, पण ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं.

आता चीन. म्हणाल, मध्येच चीन कुठून आला? कारण नवी मुंबईशी ज्याची तुलना सारखी होते ते शहर म्हणजे शेनझेन. हाँगकाँगच्या शेजारी, समुद्रकाठी, १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं आणि शहर अक्षरशः फुटून वाढलं. आपल्याकडे भाषणात सांगतात, "शेनझेन एक मासेमारीचं छोटं गाव होतं." तेही पूर्ण खरं नाही. ज्या तालुक्यातून शेनझेन उभं राहिलं तिथे तेव्हाच तीन लाखांवर माणसं होती, शेकडो गावं होती. मोकळी जागा ही गोष्ट तिकडेही अशीच सांगितली गेली. आणि तिकडेही शहर गावांच्या भोवतीने वाढलं, गावं मधेच राहिली. चिनी लोक त्यांना "शहरातलं गाव" असंच म्हणतात. आपण गावठाण म्हणतो. दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती, भाड्याच्या खोल्या, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. फोटो बघितलात तर करावे का शेनझेन, असा प्रश्न पडेल.

पण चीनच्या गोष्टीत मला जे हवंय ते वेगळं आहे. त्या भागात, म्हणजे पर्ल नदीच्या मुखाशी, किती शेती संपली याचे सरकारी आकडे होते. कॅरेन सेटो नावाच्या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँडसॅटची चित्रं लावून स्वतः मोजलं. त्यांना दिसलं की १९८८ ते १९९६ या आठ वर्षांत तिथलं शहरी क्षेत्र ३०० टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. २००० साली 'नेचर'मध्ये त्यांनी हेही लिहिलं की चीनमध्ये प्रत्यक्षात शेतजमीन सरकारी आकड्यांपेक्षा जास्त आहे, पण ती झपाट्याने जातेय. म्हणजे उपग्रहाने सरकारची वही तपासली. हे मोठं काम आहे. तोपर्यंत जमीन किती गेली हे सांगायचा हक्क ज्याने घेतली त्याच्याकडेच होता.

आणि मग पुढची पायरी: नुसतं काय झालं ते मोजायचं नाही, पुढे काय होईल त्याचा अंदाज बांधायचा. हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी शेनझेनच्या शेजारच्या डोंगगुआन शहरासाठी असं प्रारूप केलं. पद्धत ऐकायला सोपी आहे. नकाशा चौकटीच्या वहीसारखा आखायचा. प्रत्येक घर एकतर "शहर" किंवा "शहर नाही". मग नियम: तुझ्या आजूबाजूची किती घरं शहर झालीत? रस्ता किती जवळ? उतार किती? त्यावरून तू पुढच्या वर्षी शहर होशील की नाही ते ठरेल. जुन्या उपग्रहचित्रांवर नियम तपासून बघायचे, आधीच्या चित्रावरून नंतरचं बरोबर येतंय का, आणि येत असेल तर पुढे पळवायचं. अमेरिकेत कीथ क्लार्क यांनी सॅन फ्रान्सिस्कोसाठी केलेलं 'स्लूथ' नावाचं प्रारूप जगभर गाजलं, ते याच घराण्यातलं.

स्लूथमध्ये काही थर भरावे लागतात. उतार, जमिनीचा वापर, आधीचं शहर, रस्ते, आणि एक खास थर: "वगळलेली जागा". जिथे शहर वाढूच शकत नाही, ते आधीच वगळून द्यायचं. समुद्र, राखीव जंगल, असं.

आता कल्पना करा, १९७० मधल्या उरणचा नकाशा या यंत्रात घातला. उतार? शून्य, यापेक्षा सोयीची जागा नाही. रस्ता? येणार आहे. शेजारी? मुंबई. वगळलेल्या जागेत काय टाकणार? खारभात कोणी टाकणार नाही. मिठागर नाही. तिवरांचं जंगलसुद्धा तेव्हा कोणी टाकलं नसतं, कारण तिवर म्हणजे चिखल आणि डास अशीच समजूत. यंत्र पटकन म्हणेल: हे सगळं शहर होणार. आणि ते बरोबर ठरलं असतं! मला यातच अडचण वाटते. प्रारूप बरोबर निघालं म्हणून त्यात भरलेला "रिकामी जागा" हा शब्द बरोबर ठरत नाही. काय वगळायचं हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो, आणि बऱ्याचदा उशिरा ठरवतो.

आपल्याकडे तिवरं त्या वगळलेल्या थरात आली ती कोर्टामुळे. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनं तोडायला आणि त्यांच्या भोवती ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. २६ जुलैचा महापूर होऊन अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते. त्याच आदेशात उपग्रहाच्या मदतीने कांदळवनांचे नकाशे करायला सांगितलं होतं. अंतिम निकाल २०१८ मध्ये आला आणि बंदी कायम राहिली. तोपर्यंत लँडसॅट १ सुटून ४६ वर्षं झाली होती. चित्रं होती. चित्रातल्या त्या गडद हिरव्या रंगाला नाव आणि किंमत नव्हती.

आता जो भाग सांगतोय तो ऐकून काही पर्यावरणवाले मित्र रागावतील, पण ऐकून घ्या. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं, तोही उपग्रहचित्रांवरून. २०१५ च्या अहवालात महाराष्ट्रातली कांदळवनं २२२ चौरस किलोमीटर होती. २०१७ मध्ये ३०४. एकदम ८२ ने वाढ! बातम्या आल्या, आनंद झाला, मलाही झाला. संरक्षण मिळालं तर जंगल परत येतं, हे खरंच आहे. पण अलिबाग, पेण, उरणच्या खारपट्ट्यात जाऊन विचारा. तिथे बांध फुटले. पूर्वी गाव मिळून बांध राखायचं, मग तरुण पोरं नोकरीला लागली, काही जमीन विकली गेली, दुरुस्ती लांबली. एकदा बांध फुटला की भरतीचं पाणी भातात येतं. दोन-तीन वर्षं खारं पाणी राहिलं की भात संपलं. मग पाण्यासोबत तिवरांची बीजं येतात आणि रुजतात. उपग्रहाला काय दिसतं? आधी फिकट, आता गडद हिरवं. कांदळवन वाढलं. शेतकऱ्याला काय दिसतं? शेत गेलं. आणि ते परत घेताही येत नाही, कारण आता तिथे तिवर आहे आणि तिवर तोडायला बंदी आहे.

एकच ठिपका. दोन्ही वाचनं खरी. मी तिवरांच्या बाजूचा माणूस आहे, हे लपवत नाही, पण ८२ हा आकडा मला आता पूर्वीसारखा सरळ वाचता येत नाही.

[इथे मागे कंटेनरच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. तो कापलेला नाही. उरणमध्ये रेकॉर्ड करतोय, एवढं चालायचंच.]

थोडं तांत्रिक सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण आता स्वतः अशी चित्रं काढून बघतील. २००८ पासून लँडसॅटचा जुना साठा सगळ्यांना फुकट आहे. त्याआधी एकेकाळी एकेका चित्राला हजारो डॉलर पडायचे. इस्रोचं 'भुवन' फोनवर उघडतं. पण आपल्या किनाऱ्याची चित्रं वाचताना दोन ठिकाणी हमखास फसायला होतं.

पहिलं, भरती-ओहोटी. लँडसॅट १६ दिवसांनी त्याच जागेवर येतो आणि साधारण सकाळच्याच वेळी येतो. पण तेव्हा समुद्र कुठे आहे ते दर वेळी वेगळं. एका चित्रात पूर्ण ओहोटी, कोळ्यांच्या पायाखालचा सगळा चिखल उघडा. दुसऱ्यात उधाण. दोन्ही शेजारी ठेवली तर वाटतं, बापरे, एवढी जमीन समुद्राने खाल्ली! काही खाल्लेलं नसतं. म्हणून तारखेसोबत त्या दिवसाची भरतीची वेळ बघायची. आमच्या मोऱ्याच्या लाँचवाल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही.

दुसरं, पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्यावर ढग. साधा कॅमेरा ढगातून बघू शकत नाही. त्यामुळे आपण जी चित्रं बघतो ती जवळजवळ सगळी नोव्हेंबर ते मे मधली, कोरडी. म्हणजे भराव घातल्यावर शेजारच्या खालच्या गावात पाणी कुठपर्यंत आलं, हे त्या टाइमलॅप्समध्ये कधीच दिसणार नाही. विमानतळासाठी उलव्याची ९० मीटरच्या आसपास उंचीची टेकडी कापली, नदी वळवली, जमीन उंच केली, तेव्हा भरावाशेजारच्या डुंगी गावात २०१८ च्या पावसात पाणी शिरलं. ते कळलं गावकऱ्यांच्या मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. आता ढगापार बघणारे रडारचे उपग्रह आहेत, आपला रिसॅट आहे, युरोपचा सेंटिनेल-१ आहे, त्यांनी पूर मोजता येतो. पण १९८४ पासूनचे पावसाळे गेले ते गेले.

तिसरंही आहे, छोट्या गोष्टींचं. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने देशभरातल्या पाणथळींचा नकाशासंग्रह केला, तो फार उपयोगी पडला. कोर्टात पाणथळीची बाजू मांडताना त्याचा आधार घेता येतो. पाणजेसारखी मोठी पाणथळ त्यामुळे निदान वादात तरी टिकून आहे. पण सव्वादोन हेक्टरहून लहान पाणथळींची हद्द त्यात आखलेली नाही, त्या नुसत्या टिंबांनी दाखवल्या आहेत. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. गावातली तळी, खाजणं, जिताड्याची डबकी याहून लहानच असतात ना!

आता हे सगळं आजच का बोलतोय, ते सांगतो. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आणि मध्ये, २०२४ मध्येच, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांची सुमारे ३२३ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरवली गेली. कर्नाळा, साई, चिरनेर. लोक तिला तिसरी मुंबई म्हणतात. पुन्हा ऐका: तेव्हा ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर. आता १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटर. जवळजवळ तेवढंच शहर पुन्हा एकदा. गावागावांत हरकती, बैठका चालू आहेत, कोणी बाजूने, कोणी विरोधात. तो वाद मी या भागात घेत नाही, त्याला स्वतंत्र भाग लागेल.

मला मूस आठवतात. ट्राम येण्याआधी दोन वर्षं दोन्हीकडे सुई ठेवणारे. या १२४ गावांचा "आधीचा" हिशोब अजून होऊ शकतो. एक गुंठ्याच्या नजरेचा उपग्रह आता दर काही दिवसांनी वरून जातोच आहे. पण उघाडी कुठे आहे, तिची नाळ कुठल्या खाडीला जाते, कुठला बांध कोणत्या गावाने राखायचा, कुठल्या तळ्यात कधीपर्यंत पाणी असतं, पावसात पाणी कुठल्या घराच्या ओट्याला लागतं, हे वरून दिसत नाही. ते आजीला माहीत असतं.

म्हणून गेल्या दिवाळीत मी आजीला गाडीवर मागे बसवून नेलं. तिला वाटलं देवळात जातोय. आमची खार जिथे होती असा माझा अंदाज होता, तिथे आता चौपदरी रस्ता आणि पलीकडे कंटेनरचं आवार. ती खाली उतरली, इकडेतिकडे बघितलं, नाही म्हणाली. थोडं पुढे चालत गेली. रस्त्याखालून पाण्यासाठी एक मोरी काढलीय तिथे थांबली. ओहोटीची वेळ होती, मोरीतून गढूळ पाणी खाडीकडे पळत होतं.

"उघाडी इथंच व्हती," ती म्हणाली. "पाण्याला वाट ठावकी हाय. हितून उगवतीला आपला बांध."

मी फोन काढला, त्या जागेवर पिन टाकली आणि घरी येऊन १९८४ चं चित्र उघडलं. मोरीच्या पूर्वेला सात ठिपके मोजले. फिकट तपकिरी, त्यातला एक जरासा गडद. तो बांध असेल, किंवा त्या दिवशी तिथे पाणी साचलं असेल.

तर मंडळी, पुढच्या भागासाठी एक विनंती. कर्नाळा, साई, चिरनेर पट्ट्यातलं कोणी ऐकत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन एक चक्कर मारा. बांध, उघाडी, तळं, पाणवठा, जे दाखवतील तिथे पिन टाका आणि ते त्याला काय म्हणतात ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. तारीख, वेळ लिहा. आणि हो, भरती होती की ओहोटी, तेही.